इतिहासाचा तास स्पॅनिशमध्येच राहू द्या : आमच्या स्कूल बोर्डाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्यहो,

स.न.

येत्या ऑगस्टपासून आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या स्पॅनिश इमर्शन वर्गांत, म्हणजे जिथे शाळेचे विषयच स्पॅनिशमधून शिकवले जातात तिथे, तिसरी ते पाचवीचे इतिहास व समाजशास्त्र स्पॅनिशमधून काढून इंग्रजी वाचनाच्या तासात मिसळण्याचा ठराव आपण मंजूर केला आहे. या ठरावाला माझा विरोध आहे आणि तो फेरविचारासाठी पुन्हा बैठकीपुढे यावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे. याच्या इंग्रजी आणि स्पॅनिश प्रती आपल्या कार्यालयात दिल्या आहेत. ही मराठी प्रत कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी पालकांनीही वाचावी अशी इच्छा आहे, कारण आपल्या इमर्शन वर्गांत मराठी घरांतली मुले आहेत आणि त्यांचे आईवडील या विषयावर आजवर गप्प राहिले आहेत. स्पॅनिशच्या प्रश्नात आपण कशाला पडायचे, असे त्यांच्यातल्या अनेकांना वाटते.

माझा मुलगा चौथीत आहे आणि मुलगी पहिलीत. दोघेही किंडरगार्टनपासून याच वर्गांत शिकत आहेत. घरी आम्ही मराठी बोलतो, इंग्रजी त्यांना अंगणातून आणि टीव्हीवरून मिळाली, आणि स्पॅनिश शाळेने दिली. मी शाळेच्या वाचनालयात स्वयंसेवक म्हणून काम करते, त्यामुळे इतिहासाचा धडा सुरू झाला की मुले कोणती पुस्तके मागायला येतात आणि त्यांतली किती आपल्याकडे नसतात, हे मला जवळून दिसते. शिवाय माझी मुलगी जेव्हा तिसरीत जाईल, तेव्हा तिच्या वाट्याला हा तास उरणार नाही, म्हणजे माझा यात सरळ स्वार्थ आहे, हेही आधीच सांगून टाकते.

इमर्शन म्हणजे काय, हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी, पण ठरावाची भाषा वाचल्यावर ते पुन्हा सांगावेसे वाटते. कॅनडातल्या सेंट लँबर्ट इथे 1965 मध्ये फ्रेंचचा प्रयोग सुरू झाला, त्याचा धडा घेऊन 1971 मध्ये आपल्याच राज्यातल्या कल्व्हर सिटीत स्पॅनिश इमर्शनचा वर्ग निघाला. दोन्हीकडे कल्पना एकच होती: मुलांना परकी भाषा वेगळा विषय म्हणून शिकवत बसू नये, गणित, विज्ञान, इतिहास हेच त्या भाषेतून शिकवावे, म्हणजे भाषा कामाला लागते आणि आपोआप अंगवळणी पडते. 1998 च्या प्रपोझिशन 227 ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने, कॅलिफोर्नियात अशा वर्गांची वाट अवघड केली होती. 2016 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 58 ला कौल देऊन ती पुन्हा मोकळी केली. ज्या राज्यातल्या लोकांनी मत देऊन हे शिक्षण परत आणले, तिथे त्याचा एक मोठा भाग चर्चेविना कापला जावा, याचे मला आश्चर्य वाटते आणि खेदही.

चर्चेविना हा शब्द मी मुद्दाम वापरला. हा विषय बैठकीच्या विषयपत्रिकेत कन्सेंट कॅलेंडरमध्ये, म्हणजे छपाईची बिले आणि बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या करारांबरोबर, एकगठ्ठा मंजूर करण्याच्या यादीत होता. कायद्याने विषयपत्रिका नियमित बैठकीच्या 72 तास आधी लावावी लागते आणि ती लावली गेली होती, हे मान्य. पण शीर्षक 'अभ्यासक्रम वेळापत्रकातील सुसूत्रीकरण' असे होते, आणि त्यावरून आपल्या मुलाचा इतिहासाचा तास जाणार आहे हे कोणा पालकाला कळले असेल असे मला वाटत नाही. शिक्षकांनाही ते नंतरच कळले. कायदा पाळला गेला असेल, पण ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्यांना विचारले गेले नाही, हा माझा पहिला आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप मोठा आहे आणि पत्राचा खरा विषय तोच आहे. वेळापत्रकातला एखादा विषय इंग्रजीत न्यायचाच होता, तर आपण नेमका चुकीचा निवडलात. गुणाकार कोणत्याही भाषेत तोच राहतो. चौथीचा इतिहास मात्र आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमानुसार कॅलिफोर्नियाचा इतिहास आहे, आणि त्यातला फार मोठा भाग घडला, बोलला गेला आणि लिहून ठेवला गेला तो स्पॅनिशमध्ये. 1769 मध्ये सॅन दिएगोला पहिले मिशन, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांची वसाहत, उभे राहिले आणि 1823 मध्ये सोनोमाला एकविसावे. 1775-76 मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्सा सोनोराहून वसाहतवाल्यांची कुटुंबे घेऊन खुष्कीच्या मार्गाने इथवर आला. आमच्यापैकी कित्येकांनी त्याच्या नावाच्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग केले आहेत, पण तो कोण होता हे आम्हाला आमच्या मुलांनी सांगितले. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, 1848 मध्ये ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने हा प्रदेश अमेरिकेकडे आला, आणि त्यानंतरही स्पॅनिश लगेच मागे पडली नाही. 1849 च्या माँटेरेच्या घटना परिषदेत आठ प्रतिनिधी कॅलिफोर्निओ, म्हणजे इथले जुने स्पॅनिशभाषक रहिवासी, होते, घटना इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत निघाली, आणि राज्याचे कायदे दोन्ही भाषांत प्रसिद्ध करण्याची अट तिच्यात होती. 1879 च्या नव्या घटनेत ती अट राहिली नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे सगळे इंग्रजी परिच्छेदातून वाचायला द्यायचे आणि त्याच वेळी त्याला स्पॅनिश वाचता येते याचा आपण अभिमान बाळगायचा, यात काही विसंगती आहे असे आपल्याला वाटत नाही का?

उदाहरणे देते, म्हणजे मी हवेत बोलते आहे असे वाटणार नाही. मेक्सिकन राजवटीत ज्यांना रँचोच्या, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या वाड्यांच्या, जमिनी हव्या असत, त्यांना अर्जासोबत त्या जमिनीचा हाताने काढलेला नकाशा द्यावा लागे. त्याला दिसेन्यो म्हणतात. त्यावर ओढे, टेकड्या, ओकची झाडे, गुरांच्या वाटा चितारलेल्या असतात आणि शेजारी स्पॅनिशमध्ये चार-दोन शब्द असतात. 1851 च्या कायद्याने जुन्या मालकांवर आपली मालकी अमेरिकन आयोगापुढे सिद्ध करण्याची सक्ती झाली, 813 दावे दाखल झाले, आणि हे नकाशे पुरावा म्हणून पुढे आले. त्यांतले कितीतरी आज बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहेत आणि इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतात. चौथीच्या मुलाला तो नकाशा स्वतः वाचता येतो. ओढ्याचे नाव तो ओळखतो, झाड ओळखतो, आणि मग विचारतो की ही जमीन आधी कोणाची होती. हा शेवटचा प्रश्न आमच्या वर्गात खरोखर विचारला गेला आहे, आणि त्यावरून दोन तास चर्चा झाली, तीही स्पॅनिशमध्ये.

त्याच ग्रंथालयात युलालिया पेरेसची 1877 ची मुलाखत आहे. ही बाई सॅन गाब्रिएल मिशनमध्ये किल्ल्या सांभाळत असे. कोठार, शिधा, शिवणकाम, सगळे तिच्या देखरेखीखाली चालायचे. आणि पाब्लो ताक हा लुइसेन्यो जमातीचा मुलगा, 1822 मध्ये सॅन लुइस रे मिशनमध्ये जन्मलेला, रोमला शिकायला पाठवला गेला आणि तिथे त्याने आपल्या लोकांविषयी आणि मिशनमधल्या दिवसांविषयी स्पॅनिशमध्ये लिहून ठेवले. 1841 मध्ये, वयाची विशीही गाठण्याआधी, तो तिथेच वारला. कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशाने त्या काळात स्वतःच्या हाताने लिहिलेले असे फार थोडे उरले आहे. शिक्षिकेने त्यातला एखादा परिच्छेद सोपा करून दिला, तर आपल्या मुलांना तो जवळजवळ मूळ शब्दांत वाचता येतो. राज्यातल्या बहुतेक चौथीच्या मुलांना ही सोय नाही. ती आपण आपल्या मुलांच्या हातून काढून घेत आहात.

इथे एक गोष्ट टाळून चालणार नाही. स्पॅनिश ही इथे निष्पाप भाषा नव्हती. ओलोनी, योकुट्स, लुइसेन्यो या लोकांना ती मिशनच्या घंटेबरोबर आणि सैनिकांबरोबर मिळाली. आमच्या शेजारच्या मिशन सॅन होसेतून 1828 मध्ये एस्तानिस्लाओ नावाचा योकुट्स माणूस निघून गेला, त्याने बंड उभारले आणि पुढल्या वर्षी मेक्सिकन अधिकारी मारियानो वायेहोच्या फौजेशी लढा दिला. स्टॅनिस्लॉस नदी आणि परगणा त्याच्याच नावाने ओळखले जातात. तेव्हा इतिहास स्पॅनिशमध्ये शिकवा म्हणताना तो स्पेनच्या बाजूने शिकवा असे मी म्हणत नाही. उलट, साखरेच्या खड्यांची आणि आइस्क्रीमच्या काड्यांची छोटी मिशने मुलांकडून बनवून घेण्याच्या जुन्या प्रथेवर राज्याच्या 2016 च्या मार्गदर्शक आराखड्यानेच टीका केली आहे, आणि ती योग्य आहे. ज्या भाषेतून सत्ता गाजवली गेली, त्याच भाषेत पाब्लो ताक आपली बाजू लिहितो, हे मुलांना एकाच तासाला दिसावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ठरावाप्रमाणे इतिहास गेल्यावर स्पॅनिशच्या वाट्याला गणित, थोडे विज्ञान, आणि नोव्हेंबरमधली मृतांच्या सणाची सजावट उरेल. सण जरूर असावेत. माझ्या मुलीला ती कागदी फुले फार आवडतात. पण फुले, गाणी आणि खाद्यपदार्थ यांच्यापलीकडे ज्या भाषेत मुलाला काही गंभीर बोलता येत नाही, ती त्याला पाहुण्यासारखीच येते.

महाराष्ट्रातल्या सेमी-इंग्रजी शाळांची रीत इथल्या मराठी पालकांना माहीत आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. त्या पद्धतीविषयी वाद आहेत, पण इतिहास मराठीत ठेवण्यामागे शहाणपण आहे यावर कोणी वाद घातलेला मी ऐकला नाही. आम्ही चौथीला शिवाजी महाराज शिकलो ते मराठीतून, आणि गड, सुभा, चौथाई, तह हे शब्द धड्यातच पहिल्यांदा भेटले. आपला ठराव नेमकी उलटी वाटणी करतो.

आता आपल्या कारणांकडे वळते. ठरावासोबतच्या टिपणात तीन कारणे दिली आहेत.

परीक्षेचे कारण सर्वांत वर आहे. तिसरीपासून राज्याची इंग्रजी आणि गणिताची परीक्षा सुरू होते, पाचवीला विज्ञानाचीही होते, आणि इतिहासाची होत नाही. म्हणून ज्याची परीक्षा नाही त्याचा वेळ घ्यायचा, असा हा हिशेब आहे. इमर्शनमधली मुले तिसरीत इंग्रजी वाचनात थोडी मागे दिसतात, हे खरे आहे आणि ते कोणी लपवलेले नाही. सेंट लँबर्टच्या मुलांचेही सुरुवातीला तसेच झाले होते आणि शाळेत इंग्रजी वाचन सुरू झाल्यावर काही काळातच तो फरक भरून निघाला. आपल्या डिस्ट्रिक्टचे पाचवीचे निकाल काय सांगतात, हे टिपणात दिलेलेच नाही. फक्त तिसरीचे आकडे आहेत. पाचवीचे आकडे बाजूला ठेवून तिसरीच्या आकड्यांवर निर्णय घेणे हे मला प्रामाणिक वाटत नाही. शिवाय इतिहासाचा वेळ वाचनाला दिल्याने वाचन सुधारते, हे गृहीतकच तपासून पाहण्यासारखे आहे. फोर्डहॅम इन्स्टिट्यूट या शिक्षणविषयक संशोधन संस्थेने 2020 मध्ये देशभरातल्या प्राथमिक विद्यार्थ्यांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात समाजशास्त्राला अधिक वेळ मिळालेल्या मुलांचे वाचन सुधारलेले दिसले, तर भाषेच्या तासाला अधिक वेळ दिल्याचा तसा फायदा दिसला नाही. आणि घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना हा लाभ विशेष झाला. एका अभ्यासावर सगळी इमारत उभी करू नये हे मला कळते. पण टिपणात त्याचा उल्लेखही नसावा?

दुसरे कारण पुस्तकांचे. स्पॅनिशमध्ये योग्य पाठ्यपुस्तके नाहीत, हे टिपणातले वाक्य मी दोनदा वाचले, कारण ही तक्रार शिक्षिका आणि पालक गेली काही वर्षे आपल्याकडे करत आले आहेत. तेव्हा तिला उत्तर मिळाले नाही, आणि आता तीच तक्रार तास बंद करण्याचे कारण म्हणून आमच्यासमोर येते. दरम्यान शिक्षिका इंग्रजी धडे रात्री घरी बसून स्पॅनिशमध्ये उतरवतात, शब्दसूची बनवतात, चित्रे शोधतात, स्वतःच्या पैशांनी रंगीत प्रती काढतात. या कामाचा मोबदला त्यांना मिळत नाही आणि दरवर्षी नव्या शिक्षिकेला ते पहिल्यापासून करावे लागते, कारण तयार झालेले साहित्य ठेवण्याची एक सामायिक जागासुद्धा डिस्ट्रिक्टने दिलेली नाही. हे काम सोपे नाही. तिसरीच्या मुलांना स्पॅनिशमध्ये वर्तमानकाळ सहज येतो, पण भूतकाळाची दोन रूपे कुठे कोणते वापरायचे यात ती अडखळतात. एखाद्या गोष्टीचे कारण आणि परिणाम जोडून सांगणे, किंवा 'एकाने असे लिहिले, दुसऱ्याने तसे' असे मांडणे त्यांना जड जाते. पण हे सगळे शिकायला इतिहासाच्या तासाएवढी चांगली जागा दुसरी कोणती आहे? अवघड आहे म्हणून तास काढायचा, आणि मग आठवीत मुलांची स्पॅनिश बालिश का राहिली म्हणून समिती नेमायची, असे होऊ नये.

तिसरे कारण असे की, ज्या पालकांना स्पॅनिश येत नाही त्यांना गृहपाठात मदत करता येत नाही. मीही त्यांच्यापैकीच एक आहे. या कारणाला माझे नाव वापरले जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. दाखल्याच्या वेळी शाळेने आम्हाला हे स्पष्ट सांगितले होते आणि आम्ही समजून सही केली होती. मुलगा वर्गात स्पॅनिशमध्ये शिकतो आणि जेवताना आम्हाला ते मराठीत सांगतो. सोन्याच्या शोधानंतर 1850 मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिन्याला 20 डॉलरचा कर बसला, हे मला त्याच्याकडूनच कळले, आणि तो कर कोणाकडून वसूल होत असे हे सांगताना तो चांगलाच तावात आला होता. त्याला धडा समजला आहे की नाही हे कळायला मला याहून अधिक काही लागत नाही.

ज्या मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते, त्यांचा तर या टिपणात विचारच दिसत नाही. आपल्या वर्गांतली जवळपास निम्मी मुले अशी आहेत. इंग्रजी तासाला ती बिचकत बोलतात. इतिहासाच्या तासाला मात्र ती पुढे असतात आणि माझ्या मुलासारखी मुले त्यांचे ऐकतात, त्यांना शब्द विचारतात. 1940 च्या दशकात याच राज्यात ऑरेंज काउंटीतल्या शाळांनी मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळांत बसवले होते आणि न्यायालयात त्याचे समर्थन करताना भाषेचेच कारण पुढे केले होते. मेंडेस कुटुंब आणि इतर पालक त्याविरुद्ध लढले, 1946 मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 1947 मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. आपला ठराव आणि ती विभागणी या सारख्या गोष्टी आहेत असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तो खटला शिकवायचा तास या मुलांना त्यांच्या भाषेत मिळू नये, याची टोचणी आपल्याला लागायला हवी.

मराठी पालकांना, जाता जाता: स्पॅनिश आपली नाही असे म्हणताना विदर्भातले पांडुरंग खानखोजे आठवावेत. गदर चळवळीच्या उभारणीत असलेला हा माणूस पुढे मेक्सिकोत गेला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागला, मक्यावर संशोधन केले, आणि मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले. इथल्या इम्पीरियल व्हॅलीत गेल्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली आणि त्यांच्या मुलांच्या घरात स्पॅनिश होती. या किनाऱ्यावरचा भारतीयांचा इतिहासही थोडाफार याच भाषेतून जातो.

माझ्या मागण्या अशा आहेत. ठरावाची अंमलबजावणी एक वर्ष स्थगित करावी आणि तो विषय स्वतंत्रपणे, दुभाष्यांच्या सोयीसह, चर्चेला घ्यावा. तिसरी आणि चौथीचा इतिहास पूर्णपणे स्पॅनिशमध्ये राहावा. पाचवीच्या बाबतीत माझी भूमिका मवाळ आहे: मेफ्लॉवर, तेरा वसाहती, स्वातंत्र्याचा जाहीरनामा यांची कागदपत्रे इंग्रजीत आहेत आणि ती इंग्रजीत वाचायला हरकत नसावी, मात्र स्पॅनिशांनी वसवलेली 1565 चे सेंट ऑगस्टीन आणि सांता फे ही शहरे, आणि स्वातंत्र्ययुद्धात 1781 मध्ये पेन्साकोला जिंकणारा बेर्नार्दो दे गाल्वेस हे भाग स्पॅनिशमध्येच शिकवावेत. कोणता घटक कोणत्या भाषेत, हे शिक्षिकांनी ठरवावे. त्यांना साहित्य तयार करण्यासाठी उन्हाळ्यात पगारी दिवस द्यावेत, आणि ते साहित्य डिस्ट्रिक्टच्या मालकीचे म्हणून एका ठिकाणी जपावे. वाचनालयाला इतिहासाच्या स्पॅनिश पुस्तकांसाठी वेगळी तरतूद मिळावी आणि ती जूनमध्ये मंजूर होणाऱ्या वार्षिक आराखड्यात लेखी यावी, कारण तोंडी आश्वासने आम्हाला याआधीही मिळाली आहेत. इमर्शन वर्गांचे तिसरी ते आठवीचे निकाल एकत्र प्रसिद्ध करावेत, मग ते आमच्या बाजूचे असोत वा नसोत. आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची सल्लागार समिती कायद्याने आहेच, तर तिचे मत या विषयावर आधी घ्यावे.

पुढच्या बैठकीत सार्वजनिक निवेदनांच्या वेळेत मी आणि आणखी काही पालक बोलणार आहोत. निम्मे स्पॅनिशमध्ये बोलतील. दुभाष्याची विनंती कार्यालयाकडे नोंदवली आहे आणि तिची पोच अद्याप मिळालेली नाही. ती कृपया पाठवावी.

आपली विश्वासू,
इमर्शन वर्गातल्या दोन मुलांची आई